धुण्यातला पिवळा

"घरी रंगकाम काढलंय का?" शेजारच्या बाईनं विचारलं. बस सिग्नलला थांबली होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे ती माझ्याशीच बोलतेय हे कळायला जरा वेळ लागला. नाही, म्हटलं. "नाही, थिनरचा वास येतोय ना, म्हणून विचारलं. आमच्याकडेही मागच्या महिन्यात चाललं होतं, महिनाभर वास जात नाही मेला," असं म्हणून ती हसली, मांडीवरची पिशवी उचलून तिनं दुसऱ्या बाजूला घेतली आणि हळूच थोडी सरकली. वाईट वागली नाही बिचारी. मीच वाईट वागले, उत्तर न देता तोंड फिरवून बसले. मग ती मोबाइलमध्ये गुंतल्यावर मी बाही नाकाशी नेली. ओढणीचं टोक हुंगलं, मनगट हुंगलं, केसांची बट पुढे ओढून हुंगली. काही नाही. साबणाचा थोडा वास, बाकी काही नाही. वास आला असता तर बरं झालं असतं, धुतलं असतं, कपडे बदलले असते. पण वास होता आणि मला येत नव्हता. मला! घरात माझ्या नाकाचा सगळ्यांना जाच. भावजय म्हणते, ताई येणार म्हटलं की आम्ही मोरीसुद्धा दोनदा घासतो. ते माझं नाक मेलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. मी मधल्याच थांब्यावर उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले. आपण आपल्याच अंगापासून जरा लांबून चाललोय असं वाटत होतं. शी! इतकी किळस मला दुसऱ्याची आली असती तर मी तोंडावर सांगितलं असतं.

थिनर म्हणजे बाबा. दुसरा अर्थ माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. बाबा रंगाच्या कारखान्यात कढया धुवायचे. कढई म्हणजे माणूस आत उतरेल एवढी. एक रंग काढून झाला की दुसरा करायच्या आधी ती थिनरनं पुसून लख्ख करायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी ते घरी यायच्या आधी वास यायचा, जिन्यातूनच. आई दार उघडून ठेवायची. ते हात धुवायचे, तोंड धुवायचे, अंघोळ करायचे आणि पुन्हा तसेच. घामातून वास यायचा, उशीला वास, टॉवेलला वास, त्यांनी उचललेल्या पेल्याच्या काठाला वास. ते मायेनं घास भरवायला हात पुढे करायचे आणि मी दात घट्ट आवळून बसायचे. बोटं फुटलेली, नखांच्या कडेला न जाणारा निळा नाहीतर लाल. आई ओरडायची, बाप आहे तो तुझा. बाप होता म्हणून तर आणखी किळस यायची, दुसऱ्या कुणाचा वास एवढा माझा वाटला नसता. धाकट्या भावाला मात्र काही म्हणजे काही वाटायचं नाही. तो त्यांच्या छातीवर डोकं ठेवून झोपून जायचा. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन कारखान्यात जायचा आणि कढईच्या काठाशी बसून बाबांचं काम बघायचा. मग बाबांचे शब्द हरवायला लागले. चमचा म्हणायचं असेल तर ते हवेत हात हलवत बसायचे, ते, ते, ते. मग चिडायचे. ताट फेकायचे, आणि नंतर कुणी फेकलं म्हणून विचारायचे. हात इतका थरथरायचा की शर्टाची बटणं आई लावून द्यायची. सगळे म्हणायचे वय झालं. कसलं डोंबलाचं वय, डोक्यावरचा एक केस पांढरा नव्हता. शेवटी एका डॉक्टरनं सांगितलं, वर्षानुवर्षं ती वाफ डोक्यात गेलीय, ती काही आता बाहेर येत नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवशी मी ठरवलं की रसायनशास्त्र करायचं आणि असं करायचं की ज्यात हे थिनरसारखं द्रावक नावाचं भूत नसेल. लोक देशासाठी, ज्ञानासाठी, नाहीतर पोटासाठी शिकतात. मी निव्वळ किळसेपोटी शिकले.

म्हणून तर मी हिरवेबुवांच्या हाताखाली आले. पर्यावरणाला न दुखवणाऱ्या ‘हिरव्या’ रसायनशास्त्राचा सारखा जप करतात म्हणून हिरवेबुवा हे आम्ही ठेवलेलं नाव, तोंडावर अर्थात सर. सरांचं म्हणणं असं की जगातले रसायनवाले उगाच सगळं पातेलंभर द्रावकात विरघळवतात आणि शिजवतात. दोन पदार्थ भेटायला द्रावक कशाला हवं, घासा की एकमेकांवर. पोलादी जार घ्यायचा, त्यात दोन भुकट्या आणि पोलादी गोळे टाकायचे, झाकण आवळायचं आणि मिल नावाच्या यंत्रात लावून जोरानं हलवायचं. गोळे आपटतात, भुकटी चिरडली जाते, रिॲक्शन होते. ना वाफ, ना वास, ना उकळणं. मी पहिल्यांदा तो जार उघडला आणि आत नाक घातलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खरं सांगते. कोऱ्या वहीसारखा वास होता, म्हणजे नव्हताच. सर पाहुण्यांना तेच करायला लावतात. जार उघडून एकेकाच्या नाकाखाली धरतात आणि म्हणतात, घ्या वास, अगदी खोल घ्या. पाहुणे घाबरत घाबरत हुंगतात, मग हसतात, मग टाळ्या. सरांनी प्रयोगशाळेतली धूर ओढून घेणारी कपाटंही बंद केली. द्रावकच नाही तर वीज कशाला जाळायची. त्या कपाटांत आता कुंड्या आहेत. काचेआड रोपं ओळीनं लावलीत आणि त्यांच्यापुढे उभे राहून सर फोटो काढून घेतात. सुरुवातीला मलाही ते आवडायचं. आता त्या रोपांकडे बघितलं की डोक्यात तिडीक जाते.

कारण जार धुवावा लागतो. ही गोष्ट सर व्याख्यानात कधीच सांगत नाहीत. भुकटी गोळ्यांना चिकटते, जारच्या खाचांत बसते, खरवडून निघत नाही. मग टोल्युइन ओतायचं, हलवायचं, काढायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा. आमचा माल, म्हणजे तयार होणारा पदार्थ, दुसऱ्या कशात नीट विरघळतच नाही. टोल्युइन म्हणजे कोण? थिनरच्या डब्यात जे मुख्य असतं ते. मी एकदा सरांना म्हटलं होतं की सर, शिजवायला लागलं असतं त्यापेक्षा धुवायला जास्त लागतंय. सर चिडले नाहीत, ते चिडत नाहीतच. समजावणीच्या सुरात म्हणाले, अगं, धुणं म्हणजे काही रिॲक्शन नव्हे, आपण रिॲक्शनबद्दल बोलतोय. मीही पुढचा जार धुवायला घेतला. कपाटं बंद, त्यात कुंड्या, म्हणून धुणं मोरीवर. खिडकी उघडायची, श्वास रोखायचा, भराभर उरकायचं, अशी माझी पद्धत. पहिल्या वर्षी डोकं दुखायचं. मग दुखेनासं झालं. मला वाटायचं मी सराईत झाले.

प्रयोगशाळेत पोचले तर मुलं खुर्च्या पुसत होती. दुपारी मालक येणार होते. मालक म्हणजे आमची ही पद्धत विकत घेऊन ज्यांनी कारखाना उभा केलाय ते; तो अजून सुरू व्हायचाय. आणि त्यांच्याबरोबर येणार होता माझा धाकटा. त्याला तिथं मीच चिकटवलाय. आधी कामाला होता तो कारखाना बंद पडल्यापासून तो घरी बसून होता, दाढी वाढवून, बायकोशी वाकड्यात शिरून. मी सरांच्या कानावर घातलं, सरांनी मालकांच्या, आणि त्याला पाळीप्रमुख म्हणून घेतलं. भावजयीनं मला मिठी मारली होती. मी मिलचा हॉल बघून आले होते. मोठ्ठा, पांढरा, चकचकीत, आणि एकही खिडकी नाही. धूळ बाहेर जाऊ नये आणि दमट हवा आत येऊ नये म्हणून सगळं बंदिस्त. वाफ ओढणारे पंखे नाहीत, कारण वाफच नाही, हे सरांनी लिहून दिलेलं. धुण्याची टाकी त्याच हॉलच्या कोपऱ्यात. तेव्हा मला थोडं खटकलं होतं. पण खटकण्याला मी म्हटलं, अगं, गप बस, धाकट्याला नोकरी लागलीय. शिवाय धुणं वरवरचं असेल, कधीतरी पंधरवड्यातून एकदा, असा विचार केला होता. त्या बाईच्या प्रश्नानंतर तो विचार माझा मलाच पचेना.

दुपारच्या प्रात्यक्षिकासाठी एक जार आधी करून बघायचा असतो. मी मिल लावली, थांबली तशी झाकण काढलं. आत राखाडी भुकटी. नेहमी राखाडीच असते. मग टोल्युइन ओतलं आणि क्षणभरानं सगळं पिवळंजर्द झालं. नेहमी होतं. आमचा माल पिवळा आहे, सुरुवातीच्या दोन्ही भुकट्या पांढऱ्या. मग भुकटी पिवळी का दिसत नाही, असं नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो आणि त्याला सांगितलं जातं की पोलादाची काजळी रंग झाकते, धुतलं की मळ खाली बसतो आणि रंग उघडा पडतो. मीही हे कितीतरी पोरांना सांगितलंय, मोठ्या तोऱ्यात. आज मोरीपाशी उभी राहून मी त्या पिवळ्याकडे बघत होते, श्वास रोखला होता, आणि एकाएकी मला वाटलं, हा रंग उघडा पडत नाहीये, हा आत्ता होतोय. माझ्यासमोर. माझ्या नाकाखाली. आम्ही आजवर कधी भुकटी कोरडी तपासलीच नव्हती. तपासायचं म्हणजे आधी विरघळवायचं, नळीत भरायचं आणि मोठ्या यंत्राला द्यायचं, अशी आमच्याकडे रीत. विरघळवलेली नळी नेहमी शंभरपैकी शंभर मार्क घेऊन यायची. कोरडं तपासायचं यंत्र कोपऱ्यात होतं, चिमूटभर भुकटी टोकाखाली दाबली की झालं, पण त्याचं उत्तर ढोबळ येतं म्हणून त्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. मी दुसरा जार लावला. उघडला. चिमूटभर राखाडी घेतली आणि दाबली. पडद्यावर खड्ड्या-उंचवट्यांची रेघ आली, प्रत्येक पदार्थाची वेगळी असते ती. मग मिलमध्ये न घालता दोन्ही पांढऱ्या भुकट्या नुसत्या चमच्यानं कालवल्या आणि त्या दाबल्या. तीच रेघ. तेच खड्डे, तेच उंचवटे. मालाचा खड्डा जिथं यायला हवा तिथं सपाट. मिल एवढा कल्ला करून नुसतं बारीक दळत होती, इतकं बारीक की द्रावक लागल्या लागल्या दोघं एकमेकांत शिरत होते. शिजत होतं ते धुण्यात. आमची बिनद्रावकाची रिॲक्शन सगळीच्या सगळी टोल्युइनमध्ये होत होती आणि मी, ती वास न सहन होणारी, ती रोज आपल्या हातानं करत होते. मला हसू आलं. मग मोरीत ओकले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी कितीतरी वेळ उमासे येत राहिले.

सरांना दोन्ही रेघा दाखवल्या. ते हुशार आहेत, एका नजरेत कळलं त्यांना. चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मला दिसला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि म्हणाले की आज नको, आज माणूस दुरून येतोय, आपण हे शांतपणे बघू, कदाचित शब्द थोडे बदलू, द्रावक-विरहितच्या ऐवजी अल्प-द्रावक म्हणू. ते बोलत असताना मी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जमलेल्या पांढऱ्या थुंकीकडे बघत होते. इतकी वर्षं या माणसाला मी मानलं. म्हटलं, सर, त्या हॉलला खिडकी नाही. ते म्हणाले, अगं, ते इंजिनिअरचं काम. म्हटलं, पंखे नकोत हे तुम्ही लिहून दिलंय. ते म्हणाले, तेव्हा जे माहीत होतं ते लिहिलं. म्हटलं, माझा भाऊ तिथं असणार आहे. तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे अगदी मायेनं बघितलं आणि म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. आज बोललीस तर कारखाना सुरू होतोय कशाला? त्याची नोकरी तुझ्याच हातानं जाईल, बघ." बाहेर येऊन त्या कुंड्यांच्या कपाटापाशी उभी राहिले. खरं होतं ते. धाकटा पुन्हा घरी बसेल, दाढी वाढवेल. भावजय मला घरात घेईल, पण पाणी विचारायला विसरेल. आणि बोलले नाही तर तो त्या बंद हॉलमध्ये टाकीवर वाकेल, आणि काही वर्षांनी चमच्याला ते, ते, ते म्हणेल. त्यात निवडायचं काय होतं? नोकरी गेली तर दुसरी मिळते. मी ठरवलं, आणि ठरवल्यावर खूप दिवसांनी जरा स्वच्छ वाटलं.

मालक वेळेवर आले. साधा माणूस, पोट थोडं सुटलेलं, बोलायला गोड. धाकटा त्यांच्या मागे, गुळगुळीत दाढी, नवा शर्ट, आत खोचलेला. मला बघून त्यानं डोळे मिचकावले. सरांचं भाषण झालं, जार उघडला, मालकांच्या नाकाखाली गेला, मालक खोल श्वास घेऊन हसले. सरांनी जार माझ्या हातात दिला, आता धुऊन दाखव म्हणून. मी तो मोरीवर नेला नाही. कोपऱ्यातल्या यंत्राकडे नेला, चिमूटभर दाबली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. सांगितलं सगळं, सोप्या भाषेत, एक शब्द न गाळता. मिलमध्ये काही होत नाही. जे होतं ते धुण्यात होतं. म्हणजे धुणं कमी करता येणार नाही, धुणं हेच काम आहे, आणि ते थिनरमध्ये आहे. तुमच्या हॉलला खिडकी नाही. सर जमिनीकडे बघत होते. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला वाटलं, पड बाबा, पडू दे, पण जिवंत राहशील, शब्द शाबूत राहतील तुझे.

मालकांनी पडद्याकडे बघितलं, मग जारकडे, मग सरांकडे. विचारलं, "पण धुतल्यावर माल होतो ना? पुरा होतो?" सर हळूच म्हणाले, होतो, पुरा होतो, शंभर टक्के. "मग झालं तर," मालक म्हणाले. "मी घाबरलोच. म्हटलं, माल होतच नाही की काय." आणि ते हसले, आणि सर हसले, आणि सरांच्या मागे मुलंही हसली. मी म्हटलं, पंखे लागतील, वाफ ओढून बाहेर टाकणारे, भिंत फोडावी लागेल. ते म्हणाले, हो हो, बाई म्हणतात ते बरोबर आहे, पुढच्या टप्प्यात घेऊ. मग धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "धुणं एवढं महत्त्वाचं आहे तर ते कुणा ऐऱ्यागैऱ्यावर नाही सोडायचं. हा स्वतः बघेल. काय रे?" धाकटा म्हणाला, "हो साहेब." लगेच म्हणाला, विचारसुद्धा केला नाही. चेहऱ्यावर रंग परत आला होता. तो इतका खूश दिसला की मला त्याच्याकडे बघवेना.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात ओढलं. तो हसतच होता. ताई, किती घाबरवलंस, म्हणाला, वाटलं गेली नोकरी. मी त्याचा दंड धरून हलवला. म्हटलं, अरे मूर्खा, कळलं का तुला मी काय सांगितलं ते? बाबांचं काय झालं ते बघितलंस ना तू? त्यानं माझा हात दंडावरून काढून आपल्या हातात घेतला. समजूतदार झाला होता आवाज, अगदी मोठ्या माणसासारखा. "बघितलंय ना," तो म्हणाला. "म्हणून तर हो म्हटलं. काठाशी बसून सगळं बघितलंय मी, कसं पुसायचं ते. हे एकच काम मला येतं, ताई." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

आतून सरांनी हाक मारली. ठरलं होतं की आमच्या जारचं धुणं धाकट्यानं आजच शिकून घ्यावं, आणि शिकवायचं मी, कारण प्रयोगशाळेत सगळ्यात स्वच्छ माझं धुणं. मालकांना बघायचं होतं. मी नाही म्हणाले असते, तोंड उघडलंही होतं, पण मग दुसऱ्या कुणीतरी शिकवलं असतं, खिडकी न उघडता. मी आधी कुंड्यांचं कपाट उघडलं. दोन्ही हातांनी कुंड्या बाहेर काढून जमिनीवर ठेवल्या, एक फुटली, फुटू दे. बटण दाबलं. आतला पंखा इतके दिवस बंद होता, घरघरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. नाहीच. मग मी मोरीवर गेले, खिडकी सताड उघडली, धाकट्याला हातमोजे दिले, सांगितलं, श्वास रोखायचा, मान मागे, ओतायचं आणि लगेच बाजूला व्हायचं. त्यानं अगदी मन लावून ऐकलं. टोल्युइन ओतलं, माझ्यापेक्षा सफाईनं, एक थेंब बाहेर नाही. भुकटी हलली आणि राखाडीतून तो पिवळा वर आला.

"काय सुरेख रंग आहे गं," तो म्हणाला आणि बघायला खाली वाकला.

"मान वर घे," मी म्हटलं.

त्यानं घेतली नाही. मी त्याची कॉलर धरून ओढली, दोन्ही हातांनी, तरी तो हलेना, वाकून बघतच राहिला.